साकीन सोनपेठ

२०२३चा पावसाळा सरत आला तेव्हा मराठवाड्यातल्या तहसील कचेऱ्यांमधली एक खोली अचानक गजबजली. ती खोली म्हणजे अभिलेख कक्ष. एरवी तिकडे फिरकायचे ते भाऊबंदकीच्या दाव्यातले पक्षकार, त्यांचे वकील आणि नकला काढून देणारे कारकून. २९ ऑगस्टला जालना जिल्ह्यातल्या अंतरवाली सराटीत मनोज जरांगे पाटील मराठा आरक्षणासाठी उपोषणाला बसले, १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि ७ सप्टेंबरला सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीचा निर्णय काढला. मराठा कुटुंबांच्या पूर्वजांची ‘कुणबी’ अशी नोंद जुन्या कागदांत सापडते का, हे या समितीने बघायचं होतं, कारण कुणबी इतर मागासवर्गात मोडतात. लाल फडक्यात बांधलेले बस्ते सुटले, मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना बोलावणी गेली. ऑक्टोबर संपताना मराठवाड्याचे आकडे जाहीर झाले: तपासलेल्या नोंदी सुमारे १ कोटी ७३ लाख, त्यांत सापडलेल्या कुणबी नोंदी ११,५३०. साधारण दीड हजार नोंदी चाळाव्यात तेव्हा हाती एक, असं हे प्रमाण.

आरक्षणाचा वाद मोठा आहे, इतर मागासवर्गीयांच्या संघटनांचे त्यावर आक्षेप आहेत, आणि त्या वादात मला इथे शिरायचं नाही. मला त्यातली वेगळी गोष्ट महत्त्वाची वाटते. ज्यांच्या घरात राजेरजवाडे, सरदार, देशमुख कोणी नव्हते अशा माणसांनी ‘आपला पणजोबा कुठे लिहिलाय?’ असा प्रश्न एवढ्या संख्येने याआधी कधी विचारला नव्हता. आणि प्रश्न विचारल्याबरोबर त्यांना कळलं की पणजोबा सापडतो तो आपल्या सोयीने नाही, दप्तराच्या सोयीने.

परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ परिसरातला असा एक पणजोबा धरू. हा कोणा एका घरचा नाही. या भागातल्या कुठल्याही शेतकऱ्याला लागू पडावा असा आहे. नाव विठोबा, बापाचं नाव रामजी. जन्म १८९०च्या आसपास. शेत काळं, वाण नदी जवळ, गोदावरी थोडी पुढे. राज्य निजामाचं.

त्याच्या जन्माची नोंद शोधण्यात वेळ घालवू नये. आईने सांगितलेली खूण, म्हणजे अमक्या पुराच्या आधी किंवा तमक्या दुष्काळानंतर, हाच त्याचा जन्मदाखला. तो दहा-अकरा वर्षांचा असताना १९०१ची खानेसुमारी झाली. १९०९ साली निघालेल्या इम्पीरियल गॅझेटियरच्या हैदराबाद खंडात तिचे आकडे आहेत. परभणी जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ मध्ये ८ लाखांच्या वर होती, ती १९०१ मध्ये साडेसहा लाखांच्या खाली आली. मधल्या दहा वर्षांत १८९७चा आणि १८९९-१९००चा असे दोन दुष्काळ होऊन गेले होते. दीड लाखाहून जास्त माणसं मेली किंवा परागंदा झाली, आणि छापील गॅझेटियरने ती एका वाक्यात आटोपली. याच नोंदीत जिल्ह्यातल्या कुणब्यांची संख्या २,६०,८०० दिली आहे. २ सप्टेंबर २०२५ला सरकारने ‘हैदराबाद गॅझेट’ आधाराला घेऊन शासन निर्णय काढला तेव्हा असे आकडे गावोगाव तोंडपाठ झाले. पण त्या २,६०,८०० मध्ये विठोबा आहे की नाही, हे गॅझेटियर सांगू शकत नाही. तिथे मोजणी आहे, नाव नाही.

नावं होती ती जमाबंदीकडे. सर सालारजंग १८५३ ते १८८३ अशी तीस वर्षं हैदराबादचे दिवाण होते. त्याआधी महसुलाचे मक्ते दिले जात. मक्तेदार सरकारला ठोक रक्कम भरी आणि रयतेकडून जमेल तेवढं उपटी. अशा मक्तेदाराला विठोबाच्या आज्याचं नाव लिहून ठेवायची गरज नव्हती. सालारजंगांनी मक्ते मोडले, १८६५च्या सुमारास जिल्हे पाडले, त्यांवर तालुकदार नेमले आणि १८७०च्या दशकात पैमाइश सुरू केली. मराठवाड्यात ती मुंबई इलाख्याच्या धर्तीवर झाली. शेताला नंबर पडला, साखळीने क्षेत्र मोजलं, जमिनीची प्रत ठरली, आकार बसला, आणि त्या आकाराला जबाबदार कोण या रकान्यात माणूस आला. हेच सेतवार. सोनपेठ भागातल्या बहुतेक शेतकरी घरांचा कागदोपत्री इतिहास इथून सुरू होतो. त्याच्या मागे जाता येईल असे इनामदार-वतनदार थोडे. पुण्याचं पेशवे दप्तर अफाट आहे, पण त्यात मुख्यतः पेशव्यांच्या कारभाराचा मुलूख आहे. निजामाच्या रयतेने तिथे फार आशा ठेवू नये.

तर सेतवारात विठोबा नाही, रामजी आहे. विठोबा पुढे पाहणी पत्रकात येतो, बापाच्या जागी. ‘विठोबा वल्द रामजी’ एवढंच नाव, पुढे ‘कौम’ म्हणून जात आणि ‘साकीन’ म्हणून गाव. आडनाव नाही. आज घराला जे आडनाव आहे ते बहुधा पुढे शाळेच्या हजेरीत आलं, आणि एकाच भावकीत दोन मास्तरांनी दोन वेगळी आडनावं लिहून ठेवल्याची उदाहरणंही निघतात. म्हणून आडनाव घेऊन शोधायला बसलेला माणूस हात हलवत परत येतो. शोधायला लागतो तो शेताचा नंबर. माणसं नातवाला आज्याचंच नाव ठेवतात. एका गावात तीन विठोबा आणि चार रामजी सहज निघतात. पण सर्व्हे नंबर एकच असतो. पुढे एकत्रीकरणात सर्व्हे नंबराचे गट नंबर झाले, तेव्हा आजच्या सातबाऱ्यावरच्या गटाचा जुना सर्व्हे नंबर कोणता हे आधी काढायचं आणि मग त्या नंबराचं बोट धरून मागे जायचं.

मागे जाताना कालगणना बदलते. निजामी कागदावरचं साल फसली असतं. त्यात ५९० मिळवले की इसवी सन येतं. १३२५ फसली म्हणजे १९१५-१६. वर्ष ६ ऑक्टोबरला सुरू होई आणि महिने आजूर, दय, बहमन असे फारसी नावांचे. सारा भरायचा तो हाली शिक्क्याच्या रुपयांत, इंग्रजी रुपयाहून सुमारे सातव्या हिश्श्याने हलक्या. गावचा पटवारी मोडीत लिही. तहसिलीत तेच उर्दूत जाई, कारण १८८०च्या दशकात हैदराबादच्या कचेऱ्यांची भाषा फारसीची उर्दू झाली होती. ही उर्दू पुस्तकातली सुबक नाही, शिकस्ता वळणाची, घाईची. आज हे वळण सफाईने वाचणारी माणसं जिल्ह्यात बोटांवर मोजण्याइतकी. शिंदे समितीचं काम रखडण्याचं एक कारण तेही होतं.

विठोबाला एक शेत स्वतःच्या पट्ट्याचं आणि दुसरं कुणाचं तरी बटाईने, असं असेल तर दुसऱ्या शेतावर तो पट्टेदार म्हणून दिसत नाही. तो दिसतो कब्जेदाराच्या रकान्यात, तेही पटवाऱ्याच्या मनात आलं तर. पटवारी आणि पट्टेदार यांचं सूत असलं की कसणाऱ्याचं नाव गळालंच समजा. आणि विठोबाचा धाकटा भाऊ कुणाच्या घरी सालगडी असला, तर तो कुठेच नाही. सालाचा करार पाडव्याला तोंडी होई, धान्य आणि कपड्यावर ठरे. त्यात सरकारला काही घेणं नव्हतं, म्हणून त्याचा कागद नाही.

सगळ्या शोधातून मला दिसतं ते हेच. दप्तराने सामान्य माणूस टिपला तो त्याच्याकडून काहीतरी वसूल करायचं होतं म्हणून. सारा हवा म्हणून सेतवार आणि पाहणी. शिंदी-दारूचं उत्पन्न हवं म्हणून आबकारीच्या परवान्यांच्या वह्या. बंदोबस्त हवा म्हणून पोलिसांची गाववारी, अटक पंचनामे, तुरुंगाची रजिस्टरं. कुणबी नोंदींसाठी जी कागदपत्रं ग्राह्य धरली त्यांची यादी वाचली तर शंभर वर्षांत राज्याने गरिबाकडे कोणकोणत्या नजरेने पाहिलं ते सगळं तिथे आहे. अटक झालेल्या पूर्वजाचा वारस त्या एफआयआरची नक्कल आज आनंदाने मिरवतो, कारण तिच्यावर त्याच्या पणजोबाची जात लिहिलेली आहे.

याचं टोकाचं उदाहरण हिंदी महासागरात मॉरिशसला आहे. १८३४पासून पुढे सुमारे साडेचार लाख गिरमिटिये, म्हणजे करारावरचे मजूर, तिथल्या उसाच्या मळ्यांवर नेले गेले. बहुसंख्य बिहार आणि पूर्वेकडच्या मुलखातले, पण मुंबई बंदरातून गेलेले कोकणातले मराठीही होते. तिथल्या मराठी कुटुंबाला आज मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गेलं तर आपल्या मूळपुरुषाचं नाव, बापाचं नाव, जात, गाव, वय, उंची, अंगावरची खूण आणि जहाज एवढं मिळू शकतं. १८६०नंतरच्या काहींचा तर फोटोसुद्धा. मळेवाल्याला मजूर पळून गेला तर ओळखता यावा, म्हणून हा खटाटोप होता. गावात राहून स्वतःचं शेत कसणाऱ्या विठोबाची उंची कुणी मोजली नाही. मोजली नाही हे त्याचं भाग्यच म्हणायचं, पण पणतवाची पंचाईत होते.

दप्तरात एक कागद मात्र असा आहे की ज्यात विठोबा थोडाफार जिवंत भेटतो. तो म्हणजे दस्त. मुलीच्या लग्नाला, बैलाला किंवा साऱ्याच्या हप्त्याला पैसे कमी पडले की सावकाराकडे शेत गहाण पडे, कधी विकलं जाई. निबंधकाच्या कचेरीतल्या खरेदीखतांत, गहाणखतांत, बटाईपत्रांत कारण लिहिलेलं असतं, रक्कम असते, साक्षीदार असतात, लिहिणार असतो, आणि सगळ्यात मोलाची चतुःसीमा असते. पूर्वेस अमक्याचं शेत, पश्चिमेस नाला, दक्षिणेस गाडीवाट, उत्तरेस तमक्याचा बांध. एका दस्तावरून विठोबाचे चार शेजारी कळतात, आणि त्या शेजाऱ्यांचे दस्त काढले की गावची शिवारभर वस्ती हळूहळू उभी राहते. खाली विठोबाचा अंगठा असतो. दत्तकपत्रं, मृत्युपत्रं, वाटणीपत्रं याच कचेरीत. भावाभावांचं भांडण तडजोडीवर आलं असेल तर त्याचा कागदही इथेच. वंशावळ काढणारी बहुतेक मंडळी १९५४-५५च्या खासरा पत्रकापाशी थांबतात आणि निबंधकाच्या सूचीपर्यंत पोचतच नाहीत. मला तर जात शोधण्यापेक्षा ही सूची चाळणं जास्त फळाचं वाटतं.

१९४७-४८ची दोन वर्षं या सगळ्या कागदांवरून वादळासारखी गेली. हैदराबाद संस्थान भारतात यायला तयार नव्हतं, रझाकारांचा धुमाकूळ सुरू होता, आणि स्टेट काँग्रेसच्या कार्यकर्त्यांनी सीमेपलीकडच्या कॅम्पांतून प्रतिकार चालवला होता. शिंदीची झाडं तोडणं, करोडगिरीची (जकातीची) नाकी जाळणं आणि पटवाऱ्यांची दप्तरं पेटवणं हे त्या लढ्याचे कार्यक्रमच होते. निजामाचा सारा बुडवायचा तर साऱ्याची वही जाळायची, हे तर्काला धरूनच होतं. दप्तर पेटलं त्या रात्री गावाने जल्लोष केला असेल. आज त्याच गावातला पणतू नोंद मागायला जातो आणि ‘तुमच्या गावचं १९४८च्या आधीचं दप्तर उपलब्ध नाही’ असं उत्तर ऐकतो. एखाद्या घरात तर दप्तर पेटवणारा आजा स्वातंत्र्यसैनिक म्हणून सन्मानपत्रावर असेल आणि त्याच्या बापाचं नाव त्याने स्वतः पेटवलेल्या वहीत.

१३ सप्टेंबर १९४८ला भारतीय फौजा आत आल्या आणि १७ तारखेला निजामाने शरणागती दिली. फसली साल होतं १३५७, महिना अखेरचा. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड या जिल्ह्यांत मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते पंडित सुंदरलाल यांच्या समितीने नोंदवलं आहे. तिच्या अंदाजाने संस्थानभरात २७ ते ४० हजार माणसं मारली गेली. आपल्या मराठवाड्याच्या मुक्तीच्या कथेत हे पान सहसा उलटलं जात नाही. १९४८आधीच्या पाहणीतलं एखादं नाव पुढच्या खासऱ्यात नसेल, तर तो कसणारा विकून गेला, मेला की पळाला, हे विचारायला हवं. कुटुंबाचा इतिहास म्हणजे फक्त आपल्या कुटुंबाचा, असं समजलं की हा प्रश्न सुचत नाही.

पुढच्या सात-आठ वर्षांत विठोबा जितका लिहिला गेला तितका आधीच्या साठ वर्षांत लिहिला गेला नव्हता. १९४९ला जहागिरी रद्द झाल्या. १९५०चा हैदराबाद कुळकायदा आला आणि संरक्षित कुळांची नोंदवही १९५१ साली तयार झाली. त्याच साली जनगणनेबरोबर नागरिकांचं राष्ट्रीय रजिस्टर झालं, ज्यात घरवार माणसं उतरवली गेली. मग १९५४-५५चं खासरा पत्रक. मराठवाड्यातल्या जमिनीच्या कोणत्याही वादात वकील पहिल्यांदा मागतो तो हा खासरा. पट्टेदार कोण, प्रत्यक्ष कसतो कोण, क्षेत्र किती, पीक काय, हे सगळं त्यात एका ओळीत आहे. आता लिपी देवनागरी, भाषा मराठी. साठी उलटलेला विठोबा पहिल्यांदाच अशा अक्षरात आला की जे त्याच्या शाळेत जाणाऱ्या नातवाला वाचता यावं. विठोबाचा मुलगा शिकला असेल तर निजामी शाळेत, जिथे प्राथमिकला तहतानिया म्हणत आणि वरच्या वर्गांत मुख्य भाषा उर्दूच. नातू मराठी शाळेत गेला, आणि त्याची जन्मतारीख मास्तरांनी जूनमधली कुठलीतरी टाकून दिली.

१ नोव्हेंबर १९५६ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १ मे १९६०ला महाराष्ट्रात. विठोबाच्या पायाखालची जमीन तीच राहिली, तिचे कागद मात्र भटकले. सोनपेठची गावं तेव्हा गंगाखेड, पाथरी या जुन्या तालुक्यांत मोडत. सोनपेठ तालुका फार नंतरचा. परतूर १९८१ मध्ये परभणीतून जालन्याकडे गेलं, हिंगोली १९९९ मध्ये वेगळा जिल्हा झाला. प्रत्येक वाटणीत दप्तराच्या गाड्या भरल्या गेल्या आणि काही बस्ते वाटेतच राहिले. म्हणून सोनपेठकराने फक्त सोनपेठच्या कचेरीत चौकशी करून हार मानू नये.

विठोबा गेला ती नोंद, झालीच असेल तर, गाव नमुना १४ मध्ये. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. राख गोदावरीत गेली असणार. या भागात गोदावरीला गंगाच म्हणतात आणि जवळचं गंगाखेड ही दक्षिणकाशी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यांकडे पिढ्यान्‌पिढ्यांच्या नामावळ्या आहेत. तिथे माणूस स्वतःहून गेलेला असतो आणि बाप, आजा, भाऊ, मुलं यांची नावं स्वतःच्या तोंडाने सांगतो. हरिद्वारच्या अशा वह्यांचं तर अमेरिकेतल्या युटाच्या वंशावळ संस्थेने सूक्ष्मचित्रण केलं. वसुलीशी संबंध नसलेला हा एकच मोठा साठा. अडचण एवढीच, की ज्याच्या दारात गंगा आहे तो कोरडवाहू शेतकरी त्र्यंबकला कशाला जाईल? घरात कुणी यात्रा केल्याची आठवण असेल तरच तिकडे चौकशी करावी.

आणि पणजी? तिचं नाव कागदावर यायला आधी पणजोबाला मरावं लागतं. मग वारस म्हणून ‘सखुबाई भ्र. विठोबा’ अशी ती येते, ‘भ्र.’ म्हणजे भ्रतार. माहेरचं नाव, माहेरचं गाव कुठेही नाही. १९७२च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या तिच्या सुनांची नावं हजेरीपटावर होती, पण ते हजेरीपट कुणी जपून ठेवावेत असं कुणाला वाटलं नाही. बायकांचं दप्तर जात्यावर होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हिन यांनी महाराष्ट्रातल्या गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, गाणारीच्या नाव-गावासकट. माहेर, भाऊ, सवत, सासू, पंढरीची वाट हे सगळं त्यांत आहे. आपल्या पणजीची ओवी तिथे मिळेलच असं नाही. पण ती ज्या जगात राहिली ते खासऱ्यापेक्षा तिथे जास्त स्पष्ट दिसतं.

ज्यांना अजून शोध घ्यायचा आहे त्यांनी कचेरीत जाण्याआधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसावं. शक्यतो बाईजवळ, कारण सोयरिकी तिच्याच ध्यानात असतात. चार पिढ्यांची नावं, शेताची बोलीतली नावं आणि पणजी कोणत्या गावची हे लिहून घ्यावं. मग १९५४-५५चा खासरा मागावा, त्यावरून सर्व्हे नंबर, सर्व्हे नंबरावरून पाहणी आणि सेतवार. निबंधकाची सूची विसरू नये. नोंद हमखास काढून देतो म्हणणाऱ्या दलालाला पैसे देऊ नयेत; नकलेची सरकारी फी किरकोळ असते, आणि खाडाखोड केलेली नोंद पडताळणीत पकडली जाते. घरच्या ट्रंकेत मोडीचा किंवा उर्दूचा कागद निघाला तर त्याला चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. फोटो काढा, सुती कापडात सपाट ठेवा, आणि वाचणारा भेटेपर्यंत थांबा.